फुलकोबी : भरघोस पिकाचा धोका

डिसेंबर २०२० मध्ये बिहारमधील समस्तीपूर जिल्ह्यात एका शेतकऱ्याने शेतातल्या उभ्या फुलकोबीवर ट्रॅक्टर फिरविला. किलोमागे रुपयाचाही भाव मिळत नाही, अशी त्याची तक्रार होती. घटनेचा गवगवा झाला, केंद्रीय मंत्र्यांनी लक्ष घातले आणि त्याच्या उरलेल्या मालाला दहा रुपये किलोचा भाव मिळाला. एका शेतकऱ्याची अडचण दूर झाली. पिकाचा मूळ प्रश्न मात्र जागच्या जागी राहिला.

हिवाळी फुलकोबीचा धोका दुहेरी आहे. पहिला निसर्गाचा. या पिकाची प्रत्येक जात विशिष्ट तापमानातच गड्डा धरते. लवकर येणारी जात उशिरा लावली, तर बटणाएवढे गड्डे येतात. उशिराची जात लवकर लावली, तर नुसती पाने माजतात. घाण्या रोग आणि चौकोनी ठिपक्यांचा पतंग हे शत्रू आहेतच. तथापि जाणता शेतकरी त्यांच्याशी झुंजू शकतो. दुसरा धोका त्याच्या आवाक्याबाहेरचा, बाजाराचा आहे. थंडी अनुकूल पडली की सर्वांचेच पीक साधते आणि एकाच पंधरवड्यात बाजारात येऊन आदळते. म्हणजे जो हंगाम निसर्गदृष्ट्या उत्तम, तोच उत्पादकाला बुडविणारा ठरतो.

कांदा चाळीत काही महिने राहतो. भाव चढण्याची वाट पाहता येते. फुलकोबीला ती सवलत नाही. गड्डा घट्ट आणि पांढरा असतो तो मोजके दिवस. नंतर तो सैल होतो, पिवळा पडतो. शीतगृहातही तो दोन-चार आठवड्यांपलीकडे टिकत नाही. तोडणी, भरणी आणि वाहतूक यांचा खर्चही विक्रीतून निघणार नसेल, तर पीक शेतातच गाडणे हा वेडेपणा नसून साधा हिशेब असतो.

शासनाकडे उपाय नाही, असे नाही. नाशवंत मालासाठी बाजार हस्तक्षेप योजना आहे. परंतु भाव किमान दहा टक्के घसरावे लागतात, राज्याने मागणी करावी लागते आणि तोट्याचा निम्मा वाटा उचलण्याची तयारी दाखवावी लागते. एवढा पत्रव्यवहार होईतो गड्डा थांबत नाही.

हरियाणाने २०१८ मध्ये निराळी वाट धरली. बटाटा, कांदा व टोमॅटो यांबरोबर फुलकोबीसाठीही भावांतर भरपाई योजना सुरू केली आणि फुलकोबीला प्रारंभी क्विंटलमागे ५०० रुपये संरक्षित भाव ठरविला. त्याखाली विक्री झाल्यास नोंदणी केलेल्या शेतकऱ्याला फरक द्यावयाचा, अशी ही व्यवस्था. किलोला पाच रुपये ही काही उदार रक्कम नव्हे. तरीही तिच्यातील दोन तत्त्वे मोलाची आहेत : भाव संकटापूर्वी जाहीर होतो आणि पिकाच्या नोंदणीमुळे किती माल येणार, याचा अंदाज आधीच बांधता येतो.

महाराष्ट्रानेही ही दोन तत्त्वे स्वीकारून भाजीपाल्यासाठी अशी व्यवस्था उभी करणे अगत्याचे आहे. हिवाळ्यात फुलकोबी स्वस्त झाली म्हणून नोकरदार वर्गाला समाधान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या स्वस्ताईची सारी किंमत एकट्या उत्पादकाने मोजावी, ही रीत फार काळ चालणारी नाही. बुडालेला शेतकरी पुढल्या वर्षी हे पीक टाळतो, आणि मग तीच फुलकोबी ग्राहकालाही महाग पडते.