हरसूलची तहान व डोंगराचें भांडार

ज्या हरसूलच्या डोंगराळ भागावर वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेथेंच वैशाखांत स्त्रियांस हंडाभर पाण्यासाठीं दरी उतरावी लागते, हा दैवाचा खेळ नव्हे. पाऊस ही केवळ आवक. शिल्लक किती उरावी, हें डोंगर ठरवितो. सह्याद्रीचा काळा पाषाण स्वतः फारसें पाणी धरीत नाहीं. तें सांठतें वरच्या मातींत, मुरमांत व खडकाच्या भेगांत. पावसाळा सरल्यावर झरे व ओढे वाहतात, ते याच सांठ्यावर. चढावरील झाडी तुटून माती धुपली कीं भांडार उणें होतें, व पाणी दमणगंगेच्या खोऱ्यांतून त्वरेनें समुद्र गांठतें.

२०१४ सालीं सुरू झालेल्या जलयुक्त शिवार योजनेंत नाले खोल करण्यावर मोठा भर होता. परंतु पाडे वर आणि पाणी खालीं, अशा मुलखांत ही आग रामेश्वरीं व बंब सोमेश्वरीं अशी गत होय. प्रत्येक झऱ्यास कोणत्या चढाचें पाणी मिळतें, हें प्रथम शोधावें. तेथें समतल चर खणावे, गवत व झाडी राखावी, आणि ही राखण ग्रामसभेनें आपल्या शिरावर घ्यावी. टँकरवरील खर्च पाणी संपल्यानंतरचा आहे. तोच पैसा पाणी मुरविण्यावर कां लावूं नये?