बबीन्यातला गणपती आणि आमची जयंती

"आप तो मराठी हैं, आरती आप ही करवाइए."

दोन वर्षांपूर्वी बबीन्यात आमच्या घरमालकीणबाई असे म्हणाल्या आणि मी हातात ताट घेतले. कॉलनीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. आरती मला पाठ होती, कारण शाळेत दरवर्षी म्हणायला लावत. माझी चार वर्षांची मुलगी पुढे उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी बौद्ध आहे. बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी तिसरी गौरी-गणपतीबद्दल आहे. तीही मला पाठ होती.

हा लेख त्या ताटाबद्दल आहे. घरच्यांपासून दूर, परक्या गावात, लहान मूल घेऊन राहणाऱ्या आपल्यासारख्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांच्या हातात ते ताट कधी ना कधी येते, म्हणून लिहिते आहे.

आधी गाव सांगते. बबीना झाशीपासून साधारण २५ किलोमीटरवर, लष्करी छावणीचे गाव. फायरिंग रेंजवरून तोफांचे आवाज येतात, त्याची नवख्या माणसालाही आठवड्याभरात सवय होते. मी एका सरकारी बँकेत अधिकारी. बदली झाली तेव्हा नवऱ्याने नागपूरची नोकरी सोडली आणि झाशीत एका क्लासमध्ये शिकवायला लागला. माझे माहेर भंडारा जिल्ह्यात, पवनीजवळ. बबीन्याहून झाशी, मग भोपाळ, इटारसी, नागपूर आणि तिथून पुढे एसटी. दोन दिवसांच्या सुट्टीत हा प्रवास होत नाही. म्हणजे सण आला की आम्ही तिघेच.

घर शोधताना पहिला प्रश्न आला, "पूरा नाम?" माझे आडनाव गावावरून पडलेले, "कर" लागणारे. ते ऐकून घरमालक खूष झाले. "अच्छा, मराठी! रानी साहब वाले!" झाशीत मराठी माणूस म्हणजे नेवाळकरांच्या दरबाराबरोबर आलेला ब्राह्मण, असा अनेकांचा सरळ हिशेब आहे. त्यांनी आम्हाला पंडित ठरवले. आम्ही तसे म्हटले नव्हते. पण नाहीही म्हटले नाही. त्या गप्प राहण्यावर आम्हाला घर मिळाले, गच्ची मिळाली आणि संध्याकाळी मुलीला सांभाळणारी शेजारीण मिळाली.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचा बाऊ कशाला? सण म्हणजे आनंद. लेकराने चार मुलांत मिसळावे. दिवाळीला खील-बताशे आले, होळीला गुजिया आल्या, तर काय परत पाठवायच्या? नाही, पाठवायच्या नाहीत. शेजाऱ्याची गुजिया मी आनंदाने खाते. त्याच्या घरी पाहुणी म्हणून बसते. पण पाहुणी म्हणून बसणे वेगळे आणि त्याने माझी जात चुकीची धरली म्हणून यजमानाच्या पाटावर बसणे वेगळे. पहिल्यात शेजारधर्म आहे. दुसऱ्यात भाडे आहे. घराचे निम्मे भाडे मी रुपयांत देत होते, उरलेले आरतीत.

आणि "सण सगळ्यांचे असतात" हे वाक्य कधी एकदा उलटे तपासून बघा. गणपतीला मी कॉलनीत गेले, तेव्हा ते "सगळ्यांचे" होते. ६ डिसेंबरला मी घरात बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, तेव्हा खिडकीचा पडदा ओढून घेतला. एकाच घरात एक सण अंगणात होतो आणि एक पडद्याआड होतो, तिथे "सगळ्यांचे" या शब्दाचा अर्थ आपोआप कळतो.

कॅलेंडरही साधेभोळे नसते. २०१७ च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेश सरकारने १५ सार्वजनिक सुट्ट्या रद्द केल्या. त्यात ६ डिसेंबर, महापरिनिर्वाण दिन होता. कर्पूरी ठाकूर यांची जयंती होती. तसे करण्याचा इरादा मुख्यमंत्र्यांनी जाहीर केला तो १४ एप्रिललाच, बाबासाहेबांच्या जयंतीच्या कार्यक्रमात. कारण दिले की सुट्टीपेक्षा मुलांना थोरांची माहिती द्यावी. ऐकायला गोड. पण दसऱ्याची सुट्टी रद्द करून मुलांना रामाची माहिती द्या, असे कुणी सुचवले नाही. कोणत्या दिवशी काम थांबायचे, हे ज्याच्या हातात आहे त्याचा सण "संस्कृती" होतो. बाकीच्यांचा "कार्यक्रम" होतो.

इथपर्यंत सगळे आपल्या सवयीचे आहे. समोरच्यावर टीका करणे आपल्याला जमते. आता स्वतःकडे येते.

माझा आजा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात होता. परत आल्यावर त्याने देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरले आणि वैनगंगेत सोडले. त्याच्याकडे जमीन नव्हती, शिक्षण नव्हते, गावात राहायचे तर पाटलाच्या वाड्याशिवाय काम नव्हते. त्याला परिणाम ठाऊक होते, तरी त्याने सोडले. त्याची नात पदवीधर, बँकेत अधिकारी, दरमहा पगार घेणारी. तिने भाड्याच्या घरासाठी तेच देव परत हातात घेतले. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मला फक्त एकटे पडायचे नव्हते.

एकटेपणा खोटा नव्हता, हेही सांगते. बुद्धपौर्णिमेला विहारातल्या खिरीचा वास आठवून रडू येते. वर्षावासात आई विहारात "बुद्ध आणि त्यांचा धम्म" वाचते. ती प्रौढ साक्षरता वर्गात अक्षरे शिकली. ती फोन चालू ठेवते आणि मी इकडे भाजी चिरता चिरता ऐकते. पण घर सोडून दूर छावणीत राहणारे आपण पहिले नाही. बाबासाहेबांचा जन्मच महूच्या छावणीतला, १४ एप्रिल १८९१ चा. मूळ गाव कोकणातले आंबडवे, कितीतरी लांब. सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिकवत. ते कबीरपंथी होते, घरात मुलांना घेऊन बसत, म्हणवून घेत, वाचून घेत. नातेवाईक दूर होते, पण घरात संध्याकाळ कशी घालवायची हे शेजाऱ्यांनी ठरवलेले नव्हते.

त्याच घरातला सुट्टीचा एक प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. १९०१ चा उन्हाळा. वडील नोकरीनिमित्त कोरेगावला, मुले साताऱ्याला. सुट्टीत वडिलांकडे जायचे म्हणून नवे कपडे, जरीच्या टोप्या, नवे जोडे. मसूर स्टेशनवर उतरले तर न्यायला कुणी नाही, कारण पत्र पोचलेच नव्हते. स्टेशनमास्तरने जात विचारली, मुलांनी खरी सांगितली, आणि तो मागे सरला. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. रात्री टोलनाक्यावर पाणी मागताना लहानग्या भीमरावाने आपण मुसलमान आहोत असे सांगून पाहिले. तरी पाणी मिळाले नाही.

हा शेवटचा भाग मी अनेकदा वाचला होता. बबीन्यात आल्यावर तो वेगळा कळला. तहानलेल्या दहा वर्षांच्या पोराने एका रात्री ओळख लपवली, त्याला दोष कोण देईल? पण मला कुठली तहान होती? आणि लपवून पाणी मिळतेच, ही आपली खात्री कुठून आली? मिळते ते पाणी रोज नव्याने खोटे बोलून मिळते.

पहिल्या वर्षीच्या १४ एप्रिलला बँक बंद होती. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खालून मिरवणूक गेली. निळे झेंडे, ट्रॅक्टरवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, डीजे, पोरे नाचत होती, बायका घोळक्याने चालत होत्या. रुळांच्या पलीकडच्या वस्तीतले लोक होते, बहुतेक अहिरवार. मी ओली ओढणी हातात धरून बघत राहिले. शेजारीण म्हणाली, "इन लोगों का शोर तो देखो." मी हसले. हो, हसले.

दुसऱ्या दिवशी बँकेत सफाईला येणाऱ्या दादांनी टेबल पुसता पुसता हळूच विचारले, "मैडम, आपके फ़ोन पर जो गुंबद है, वो नागपुर वाला है न? दीक्षाभूमि?" मी इकडेतिकडे बघितले आणि म्हणाले, "बाद में बात करते हैं." ते "जी" म्हणून निघून गेले. त्यांनी पुन्हा विचारले नाही.

दहा महिने मी आईला फोनवर सांगत होते की इथे आपले कुणीच नाही. आपले लोक अर्ध्या किलोमीटरवर राहत होते. रोज माझे टेबल पुसत होते. त्यांच्याकडे जायला मला गाडी नको होती, रजा नको होती. मला लाज वाटत होती, एवढेच. आपण ज्याला "नातेवाईकांपासून दूर" म्हणतो, त्यातले किती अंतर रेल्वेचे आणि किती पगाराचे, हे प्रत्येकाने मोजावे. बबीन्याच्या त्याच रेल्वेमार्गावर पुढे आग्रा लागते. तिथे १८ मार्च १९५६ च्या सभेत बाबासाहेबांनी शिकल्यासवरल्या लोकांबद्दल खंत व्यक्त केली होती. ती आपण दरवर्षी स्टेटसला टाकतो, आणि ती दुसऱ्या कुणाबद्दल आहे असे समजतो.

मला हलवले ते मुलीने. शाळेत "माझा सण" असे चित्र काढायचे होते. तिने गणपती काढला आणि शेजारी ताट घेतलेली आई. मी विचार न करता फोटो आईला पाठवला. बराच वेळ उत्तर नाही. मग फोन आला. "रंग मस्त भरले वो पोरीनं. पन आजीचा सण कोनता, हे तिले मालूम नाही वाटते." आई चिडली नव्हती. चिडली असती तर बरे झाले असते.

त्या वर्षी गणपतीला घरमालकीणबाई आल्या, तेव्हा मी सांगितले, "आंटीजी, हम बौद्ध हैं. बाबासाहब वाले. प्रसाद लेने ज़रूर आएँगे, आरती नहीं करेंगे." त्या दोन क्षण थांबल्या. "पहले बताना था न," एवढेच बोलल्या. घर गेले नाही. पण मुलीला सांभाळणारी शेजारीण आता संध्याकाळी कामात असते, आणि दिवाळीला एका घरची थाळी आली नाही. गच्चीवर आमची कपड्यांची दोरी कुणीतरी वेगळी बांधून दिली. त्या शेजारणीची मुलगी माझ्या मुलीची मैत्रीण होती. ते अजून दुखते, आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नाही.

यंदा १४ एप्रिलला आम्ही वस्तीत गेलो. आधी मी सफाईवाल्या दादांची माफी मागितली. ते म्हणाले, "कोई बात नहीं मैडम, नौकरी में सोचना पड़ता है." त्यांनी मला सहज सोडून दिले, तेच जास्त लागले. तिथे बाबासाहेबांच्या बाजूला संत रविदासांचा फोटो होता, झलकारीबाईचाही होता. झाशी म्हटले की महाराष्ट्रात आपल्याला एकच घोडा आठवतो. इथल्या बहुजनांना कोरी समाजाची झलकारी आठवते, जिच्यावर २००१ साली टपाल तिकीट निघाले. काही घरांत देवही होते. मी तपासणी करायला गेले नव्हते. बुंदेली गाण्यांतले निम्मे शब्द मला कळले नाहीत. त्यांनी विचारले तेव्हा दीक्षाभूमीबद्दल सांगितले, आजाची टोपली सांगितली. मग त्रिसरण-पंचशील म्हटले. माझ्या मागून बायका म्हणत होत्या, आणि सगळ्यांत मोठा आवाज माझ्या मुलीचा होता, कारण आजीने तिच्याकडून फोनवर महिनाभर पाठ करून घेतले होते.

म्हणून दूर राहणाऱ्या माझ्या भावा-बहिणींनो, उपदेश नाही, चार कामे सांगते. बदलीच्या गावी पोचल्यावर गॅस कनेक्शनइतक्याच तातडीने तिथली जयंती समिती शोधा. बाबासाहेबांचा पुतळा नाही अशी गावे फार नाहीत, पुतळ्यापाशी उभे राहून विचारा. ६ डिसेंबरला रजा घ्याल तर अर्जात "वैयक्तिक काम" लिहू नका, महापरिनिर्वाण दिन असे लिहा. मी लिहिले, मंजूर झाली. वर्षावासात रोज दहा मिनिटे मुलांसमोर मोठ्याने वाचा. आणि खिडकीचा पडदा उघडा ठेवा. सगळ्यांना हे लगेच जमणार नाही. ज्याचे घर जाईल, नोकरी धोक्यात येईल, त्याला मी भेकड म्हणणार नाही. पण पगार, कायदा आणि संघटना पाठीशी असूनही पडदा ओढणाऱ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, "इथे आपले कुणी नाही" हे म्हणणे बंद करावे.

येत्या वर्षावासात आई महिनाभर बबीन्याला येणार आहे. पुस्तक घेऊनच. वस्तीतल्या बायकांना मराठी कळणार नाही, याची तिला काळजी आहे. मी म्हटले, तू वाच, मी हिंदीत सांगत जाईन. ती म्हणाली, "मंग तुलेही वाचून यावं लागन."

जय भीम.