वेदी हे व्यासपीठ नव्हे

25 जुलै 2024 रोजी फादर फ्रान्सिस दिब्रिटो प्रभूघरी गेले. त्यांच्या स्मरणार्थ मिस्सा अर्पण करण्याचा विषय निघाला की आपल्या जळगाव-धुळे भागात दोन सूर कानी पडतात. एक म्हणतो, "ते वसईचे, आपला त्यांचा काय संबंध?" दुसरा म्हणतो, "एवढा मोठा माणूस. कार्यक्रम थाटातच झाला पाहिजे." वरवर पाहता हे सूर परस्परविरोधी आहेत. वस्तुतः दोघांचे मूळ एकच. मिस्सा म्हणजे काय, याचाच दोघांना विसर पडला आहे.

पहिला आक्षेप घेऊ. सातपुड्याच्या पायथ्याचे आदिवासी बांधव सोडले, तर खानदेशातील आपली बहुतेक कुटुंबे परगावाहून आलेली. कोणी रेल्वेच्या नोकरीने भुसावळला आले, कोणी शिक्षक म्हणून, कोणी परिचारिका म्हणून. गावाचा हिशेब वेदीपाशी मांडायचा ठरवला, तर उद्या आपल्यासाठी या मातीत मिस्सा कोण अर्पण करणार? इ.स. 387 मध्ये संत मोनिका मायदेशापासून दूर ओस्तिया येथे मरण पावली. पतीशेजारी विसावण्याची जुनी इच्छा तिने सोडून दिली. देह कोठेही ठेवा, मात्र प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच तिने पुत्रांजवळ मागितले. वेदीला गाव नसते, हे त्या माऊलीने जाणले होते. ख्रिस्तसभेचा कायदाही (कलम 901) जिवंत वा मृत अशा कोणासाठीही मिस्सा अर्पण करण्याची धर्मगुरूला मोकळीक देतो.

आणि संबंध नाही असे तरी कसे म्हणावे? जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून त्यांच्या निवडीला विरोध झाला. तरी मराठी माणसाने त्यांना तो मान दिला. 2024 च्या फेब्रुवारीत तेच संमेलन आपल्या अमळनेरात भरले. मराठी ख्रिस्ती माणूस या भाषेत पाहुणा नाही, हे त्यांनी सिद्ध केले. त्याचा लाभ वसईला झाला आणि धुळ्याला झाला नाही, असे थोडेच आहे?

आता दुसरा सूर. बॅनर, पाहुण्यांची यादी, ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतर ध्वनिक्षेपकासमोर लांबलेली भाषणे. याला आपण श्रद्धांजलीची मिस्सा म्हणतो! यहूदा मक्काबीने रणात पडलेल्या सैनिकांसाठी दोन हजार द्राख्मा जमवून जेरुसलेमला पाठवल्या, त्या त्यांचे पोवाडे गाण्यासाठी नव्हेत. त्यांच्या पापांची क्षमा व्हावी म्हणून. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांतील 382 व्या परिच्छेदानेही अंत्यविधीच्या मिस्सेतील प्रवचनात मृताचे गुणगान करण्यास मनाई केली आहे. हा नियम कोरडा नाही. त्यामागे मृताविषयीची करुणा आहे. ज्याला आपण थोर ठरवून मोकळे होतो, त्याच्यासाठी प्रार्थना करायचे आपण सोडून देतो. नेत्याच्या आत्म्यालाही आपल्या प्रार्थनेची तेवढीच गरज असते, जेवढी एखाद्या अनाम मजुराच्या आत्म्याला.

"मग त्यांचे कार्य विसरायचे का?" असे कोणी विचारील. मुळीच नाही. मिस्सा संपल्यावर सभागृहात सभा घ्या. 'सुवार्ता'चे संपादक, हरित वसईच्या लढ्याचे नेते, ज्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला ते लेखक, अशा सर्व नात्यांनी त्यांच्यावर मनमोकळे बोला, मतभेदही मांडा. मात्र मराठीसाठी झिजलेल्या या धर्मगुरूची मिस्सा इंग्रजीत अर्पण करून मग मराठीच्या गौरवाची भाषणे करू नका. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्येच लोकभाषेला वेदीपाशी दार उघडून दिले. घरात आपण अहिराणी, पावरी, कोंकणी वा तमिळ बोलत असू. येथे शेजाऱ्याशी आपल्याला जोडते ती मराठीच.

तेव्हा भाविकांनो, बॅनरचा खर्च वाचवा. मराठीतून मिस्सा अर्पण करा, प्रार्थनेत त्यांचे नाव एकदाच घ्या आणि त्यानंतर क्षणभर मौन पाळा. घरी परतल्यावर मुलांना शेजारी बसवून बायबलचे एक पान मराठीतून मोठ्याने वाचा. फादर दिब्रिटोंना टाळ्यांची गरज उरलेली नाही, प्रार्थनेची आहे.