मधूनच वाचणाऱ्याची बाजू

देवगाव फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत असता एका विद्यार्थ्याने आमच्या हाती इंद्रजाल कॉमिक्सचा जीर्ण मराठी अंक ठेवला. त्याच्या वडिलांच्या संग्रहातला. नायक फ्लॅश गॉर्डन. मुखपृष्ठ गायब, शेवटचे पान फाटलेले. १९६४ साली सुरू झालेली ही मालिका १९९० मध्ये थांबली, तेव्हा आम्ही शाळकरी होतो आणि ती आमच्या घरी कधी आलीच नव्हती. चाळिशी उलटल्यावर ती प्रथमच वाचली आणि, कबूल करण्यात लाज कसली, वाचण्याच्या नादात समोरची गाडी सोडली.

दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांकडून दोन आक्षेप आले. पहिला : मराठीच्या प्राध्यापकांनी हे वाचावे? दुसरा एका जाणकाराचा : अ‍ॅलेक्स रेमंडची १९३४ पासूनची मूळ चित्रमालिका न वाचता तुम्ही बोलता कोणत्या अधिकाराने? वरवर परस्परविरोधी असले तरी दोन्ही आक्षेप एकच गोष्ट मागतात : आनंदाला आधी परवाना हवा.

पहिल्या आक्षेपकांना आम्ही विचारतो, भरताच्या आठ रसांत अद्भुत आहे आणि विस्मय हा त्याचा स्थायीभाव, हे आपण फळ्यावर लिहितो ते कशासाठी? गंगाखेडच्या जनाबाईंसोबत विठ्ठल दळू लागतो, हे आपण गहिवरून शिकवतो. जयंत नारळीकर २०२१च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा विज्ञानकथेला मान मिळाल्याचा आनंदही आपण मानला. मात्र अग्निबाणाशेजारी तलवार दिसली, पंख असलेली माणसे उडू लागली, की आपला विस्मय अचानक बालिश ठरतो!

दुसऱ्या आक्षेपकांना एवढेच सांगणे : महाभारत आपल्यापैकी कोणी आदिपर्वापासून वाचायला घेतले होते? आजीच्या तोंडून ते कुठूनतरी मधूनच कानी आले. अभिमन्यू आधी भेटला, शंतनू कितीतरी नंतर.

वाचनाचा आनंद म्हणजे मूल्यमापन नव्हे, हे आम्हासही मान्य आहे. मंगो ग्रहाचा क्रूर सम्राट मिंग हा आशियाई माणसाविषयीच्या पाश्चात्त्य भयगंडातून घडलेला आहे; त्याकडे डोळेझाक करणारी समीक्षा कुचकामी होय. परंतु हे आम्हाला दुसऱ्या वाचनात दिसले, आणि दुसरे वाचन घडले ते पहिल्यात रमलो म्हणूनच.

तो अंक त्या विद्यार्थ्याने काव्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात लपवून आणला होता. आमचा खरा वाद या लपवण्याशी आहे. ज्या वर्गात रसचर्चा चालते, तिथेच आपल्याला काय आवडले हे मुलाला सांगता येत नसेल, तर शरमेची बाब त्याची नव्हे, आपली आहे.