मत्स्यालयाचा दिवा

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या सासऱ्यांनी हौसेने दोन फुटी काचेची टाकी आणली, तीत गप्पी मासे सोडले, चार पाणवनस्पती लावल्या आणि झाडे आहेत म्हणजे उजेड भरपूर हवा, या हिशेबाने सर्वांत प्रखर दिवा वर बसवला. तीन महिन्यांत पाणी हिरवेगार झाले. आजोबांच्या एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याची व्हायची आहे. टाकीसमोर बसले की डोळे दिपतात. रात्री अकरापर्यंत दिवा चालू, त्यामुळे झोपही लांबते. ‘टाकी कोणाला देऊन टाकावी का?’ असे भगिनींनी विचारले आहे. पत्राच्या शेवटी मात्र एक ओळ आहे : सासूबाई गेल्यापासून ते दुसऱ्या कशासमोर फारसे बसत नाहीत.

टाकी देऊ नये. दिवा बदलावा.

जावा फर्न, अनुबियास, क्रिप्टोकोरिन या वनस्पती मंद उजेडातही सुखाने जगतात. (क्रिप्टोकोरिनच्या काही जाती तर आपल्या पश्चिम घाटातल्याच.) प्रकाश वाढवला की वनस्पतींची कार्बन डायऑक्साइडची आणि खताची गरजही वाढते. घरच्या साध्या टाकीत ती पुरी होत नाही, आणि उरलेल्या प्रकाशावर शेवाळ माजते. म्हणजे अशा टाकीत दिवा निवडताना झाडांची फार चिंता करण्याचे कारण नाही. तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी निवडावा, झाडे त्यात भागवून घेतात.

हिशेब सोपा आहे. ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच टाकीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे ४५ लिटर. लिटरमागे १५ ते २० लुमेन धरले, तर ७०० ते ९०० लुमेन पुरतात. साधारण ८ ते १० वॅटचा एलईडी दिवा तेवढे देतो. खोक्यावरचा लुमेनचा आकडा पाहावा; वॅट हे विजेच्या खर्चाचे माप आहे, उजेडाचे नव्हे. लिटरमागे वॅट मोजण्याचा जुना ठोकताळा ट्यूबलाइटच्या काळातला, तो आता विसरावा.

रंगासाठी केल्विनचा आकडा पाहावा. ५००० ते ६५०० केल्विनचा पांढरा प्रकाश दिवसाच्या उजेडाशी मिळताजुळता असतो. १०००० केल्विनच्या वरचे निळसर दिवे प्रामुख्याने समुद्री टाक्यांसाठी असतात. केवळ लाल-निळे ‘वनस्पतींचे दिवे’ही टाळावेत, त्यांत सारी टाकी जांभळी दिसते आणि ज्या गप्पीच्या शेपटीसाठी आपण समोर बसलो, तिचा रंगच हरवतो. वयपरत्वे डोळ्यातील भिंग पिवळसर होते, रंग आधीच फिके दिसतात. त्यात आणखी भर कशाला?

दिपण्याचा त्रास बहुधा दिव्याच्या उंचीमुळे होतो. खुर्चीत बसल्यावर एलईडीचे दाणे थेट डोळ्यांत येत असतील, तर मोतीबिंदू असलेल्या डोळ्यात तो प्रकाश विखुरतो आणि समोरचे काहीच धड दिसत नाही. पुढे खाली वळलेली कड असलेला, दाण्यांवर दुधी आवरण असलेला दिवा घ्यावा. घेण्यापूर्वी आजोबांच्याच खुर्चीत, त्यांच्याच उंचीवर बसून पाहावे. प्रखरता कमी-जास्त करता येत असेल, तर फारच उत्तम.

आता वेळ. दिवसाकाठी ६ ते ८ तास पुरेत, आणि ते सलग असण्याची गरज नाही. सकाळी ७ ते १० आणि दुपारी ४ ते ७.३० असे साडेसहा तास ठेवले, तर चहाची वेळ आणि संध्याकाळची वेळ दोन्ही साधतात. रात्री उशिराचा प्रखर पांढरा प्रकाश झोप आणणाऱ्या मेलाटोनिनला मागे सारतो. माशांनाही अंधार लागतो. हा दिवा रात्रीचा दिवा म्हणून वापरू नये. शौचालयाच्या वाटेवर वेगळा मंद, पिवळसर दिवा असावा. चालू-बंद करण्याचे काम टायमरवर सोपवावे. मात्र जिथे वीज वारंवार जाते, तिथे चकतीचा टायमर मागे पडत राहतो, म्हणून आत बॅटरी असलेला घ्यावा.

एका बाबतीत तडजोड नको. पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढलाच पाहिजे, हात थरथरत असोत वा नसोत. तार प्लगकडे नेताना मध्ये खाली झोल ठेवावा, म्हणजे तारेवरून ओघळलेले पाणी झोलाशी गळून पडते, प्लगपर्यंत जात नाही. घरात आरसीसीबी आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. प्लग वाकून, ओल्या फरशीवर उभे राहून काढावा लागेल अशा जागी टाकी नसावी.

सध्याच्या हिरव्या पाण्यासाठी टाकी जाड कापडाने तीन-चार दिवस पूर्ण झाकावी, हवेचा पंप अखंड चालू ठेवावा, नंतर थोडे थोडे करून पाणी बदलावे. खिडकीचे थेट ऊन येत असेल, तर टाकी रिकामी करून हलवावी. भरलेली टाकी कधीही सरकवू नये. उजेड बदलल्यावर क्रिप्टोकोरिनची पाने कधी कधी विरघळून जातात. झाड मेले असे समजून ते उपटू नये. मुळे शाबूत असली, तर काही आठवड्यांत नवी पाने फुटतात. तोवर आजोबांना तसे सांगून ठेवावे.