अनुदान वाढले, उंबरठा तसाच!

दिव्यांगांचे मासिक अर्थसाहाय्य १५०० वरून २५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने अखेर घेतला. त्याचे स्वागतच. पण एवढ्यावर सरकारला हात झटकता येणार नाहीत. दिव्यांगाने महिन्याची रक्कम घ्यावी आणि घरात बसून राहावे, ही धारणाच मुळात आम्हाला मान्य नाही. त्याला कॉलेजला जायचे आहे, कामावर जायचे आहे, मतदानाला जायचे आहे, तेही दर वेळी भावाची किंवा शेजाऱ्याची वाट न पाहता. ज्याच्या पायांबरोबर हातांतलेही बळ गेले आहे, त्याला हे शक्य करून देणारे साधन म्हणजे विजेवर चालणारी व्हीलचेअर. ती त्याला हक्क म्हणून मिळाली पाहिजे.

वाटपाच्या कार्यक्रमांत दिली जाते ती बहुधा बॅटरीवरची तीनचाकी सायकल. रस्त्यावर ती उपयोगी पडते, यात शंका नाही. पण तिचे हँडल धरायला दोन्ही हातांत ताकद लागते आणि आपल्याकडच्या घरांत ती स्वयंपाकघरापर्यंत किंवा संडासापर्यंत जात नाही. मानेजवळ मणक्याला मार बसलेल्या, सेरेब्रल पाल्सी असलेल्या किंवा स्नायू क्षीण होत चाललेल्या माणसाने तिचे काय करायचे? त्याला हवी पाठीला आणि मानेला आधार देणारी, त्याच्या मापाची खुर्ची. बोटाने जॉयस्टिक पुढे सरकवली की ती पुढे जाते, बाजूला वळवली की जागच्या जागी वळते. मग दुपारी तहान लागली तर माणूस स्वतःच माठाशी जातो आणि त्याची आई निर्धास्त कामावर जाऊ शकते. स्वावलंबन म्हणतात ते हेच.

हे साधन मिळण्याची वाट मात्र सरकारी नियमांनीच अडवली आहे. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत मोटरवर चालणाऱ्या साधनासाठी वयाची १६ वर्षे पूर्ण असावी लागतात. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी झालेल्या मुलांचे चालणे बहुतेक वेळा बाराव्या वर्षाच्या आसपास थांबते. म्हणजे ऐन शाळेच्या वर्षांत या मुलांना कडेवर उचलून न्यायचे आणि दहावी उलटल्यावर सरकारने अर्ज मागवायचे! हा नियम ज्यांनी केला, त्यांनी असे एकही मूल पाहिले असेल यावर विश्वास बसत नाही. बाजारात बऱ्यापैकी खुर्ची लाखाच्या घरात जाते. वाढीव २५०० रुपयांतला रुपयाही खर्च केला नाही, तरी ती घ्यायला तीन वर्षांहून अधिक काळ लागेल.

खुर्ची मिळाली तरी प्रश्न संपत नाही. बॅटरी दोन-तीन वर्षांत निकामी होते, चार्जर जळतो. दुरुस्ती कुठे करायची? वाळूजच्या कारखान्यातून रिक्षा देशभर जातात, बिडकीनला विजेवरच्या वाहनांचे प्रकल्प येत आहेत. मोटर आणि बॅटरी जाणणारे एवढे हात ज्या शहरात आहेत, तिथे व्हीलचेअरचे एक दुरुस्ती केंद्र उभे राहू नये, ही छत्रपती संभाजीनगरला शोभणारी गोष्ट नाही.

आणि ही खुर्ची चालवायची कुठे? २०२५ मध्ये महापालिकेने मुकुंदवाडीपासून बुलडोझर चालवून रस्ते मोकळे केले. त्या रस्त्यांच्या कडेच्या पदपथांवर व्हीलचेअर चढेल का? पदपथावर विजेची डीपी, टपरी आणि उभ्या दुचाकी असतील, तर खुर्चीवरच्या माणसाने ट्रकांच्या मधूनच जायचे का? एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा रॅम्प लागतो. इतके साधे गणितही कंत्राटदार पाळत नाहीत आणि अभियंते डोळे मिटून बिले मंजूर करतात. घसरगुंडीसारखा उभा रॅम्प माणसाला पाडतो.

कायद्याची उणीव नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करायला दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सुगमतेचे निकष ऐच्छिक ठेवणारा नियम रद्दबातल ठरवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात लिफ्ट नव्हती, म्हणून व्हीलचेअर वापरणाऱ्या विराली मोदी यांना त्यांच्या लग्नाच्या दिवशी दोन मजले उचलून न्यावे लागले. तेव्हा देवेंद्र फडणवीस यांनी उपमुख्यमंत्री या नात्याने क्षमा मागितली होती. आज ते मुख्यमंत्री आहेत. क्षमेपुढचे काम आता त्यांनीच करायचे आहे.

मागण्या स्पष्ट आहेत. १६ वर्षांची अट काढण्यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा आणि तोवर लहान मुलांना राज्याच्या निधीतून खुर्ची द्यावी. शहरातल्या सरकारी घाटी रुग्णालयात प्रत्येकाचे माप घेऊन खुर्ची निवडण्याची आणि ती चालवायला शिकवण्याची सोय करावी. दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या पाच टक्के निधीतून महापालिकेने काय घेतले, कुणाला दिले आणि त्यातली किती साधने आज चालू आहेत, हे जाहीर करावे. ज्या पदपथावर व्हीलचेअर जात नाही, त्याचे बिल अदा करू नये. दोन जिन्यांपुढे अडून राहिलेल्या नागरिकाला हजार रुपये वाढवून देणे सोपे आहे. त्याच्या दारापासून शाळेपर्यंत आणि कचेरीपर्यंतचा रस्ता मोकळा करून देणे, हे सरकारचे खरे कर्तव्य आहे आणि ते सरकारने अजून बजावलेले नाही.