पानपूरकांची पंगत

दिवाळी अंक हाती पडला की आपण प्रथम काय पाहतो? खरे सांगा, वाचकहो! आजोबांपासून नातवापर्यंत सारे आधी हास्यचित्रेच शोधतात. आणि तरीही साहित्याची पंगत बसली, की आमचे टीकाकार चित्रकाराला 'पानपूरक' म्हणून ओसरीवर बसवतात. त्यातून तो दूरदर्शनकडे वळला, तर 'वाया गेला बिचारा!' असा निकाल ठरलेला.

हा न्याय मला मान्य नाही.

आर. के. लक्ष्मण यांचेच पाहा. म्हैसूरच्या या तरुणाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने प्रवेश नाकारला. त्याच मुंबईत, 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या पानावर, १९५१ पासून त्यांचा धोतर आणि चौकड्यांचा कोट घातलेला 'कॉमन मॅन' उभा राहिला. अर्धे शतक तो अवाक्षर बोलला नाही; नुसता पाहत राहिला, आणि त्या पाहण्यानेच मंत्र्यांच्या फुशारक्या उघड्या पडल्या.

१९८८ साली दूरदर्शनवर 'वागळे की दुनिया' आली. पात्रे लक्ष्मणांची, दिग्दर्शन कुंदन शहांचे. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर घरोघरची माणसे झाली. त्या मुक्या माणसाच्या जातकुळीतला कारकून आता बोलू लागला, बायकोशी हुज्जत घालू लागला. याला का अधोगती म्हणायची? चौकटीत मावणारे दुःख संसारभर पसरायचे आणि तरी त्याचे रडगाणे होऊ द्यायचे नाही, हे सोपे आहे काय? मी कादंबऱ्या लिहितो. मला तेवढ्यासाठी शंभर पाने लागतात. वागळे हे आडनाव आपले. त्याला देशभर नेले ते हिंदीने. आपण मात्र श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवीत बसलो!

पण दुसऱ्यांना कशाला बोल लावू? इथे उंद्रीत माझ्याच वर्गातल्या एका मुलाने गणिताच्या वहीत माझे चित्र काढले होते. मी फळ्याकडे तोंड करून तावातावाने शिकवतो आहे, आणि पाठीमागे अख्खा वर्ग गाढ झोपला आहे. मी संतापाने पान फाडले. रात्री ते पुन्हा पाहिले, तेव्हा उमगले की इतक्या वर्षांत माझ्या शिकवण्याची इतकी अचूक परीक्षा कोणी केली नव्हती. दुसऱ्या दिवशी पान डिंकाने चिकटवून परत दिले. त्या मुलाने पुन्हा कधी चित्र काढलेले मला दिसले नाही.

म्हणून सांगतो : या दिवाळीत घरातल्या पोराने वहीच्या समासात काही रेखाटले, तर आधी नीट पाहा. रागवायला पुढे सबंध वर्ष पडले आहे.